बचत गटाच्या अध्यक्ष झालात? आधी एक कोरी वही घ्या

२००८ सालच्या एप्रिलमध्ये आमचा गट झाला आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. चौदा जणींत दहावीपर्यंत शिकलेली मी एकटी. बँकेची स्लिप भरता येते, साहेबापुढं बोलता येतं, एवढ्यावर माझी निवड झाली. आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. ज्वारी, डाळिंब, दोन-चार शेळ्या, दारात एखादी गाय, आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात खुरपण. महिन्याला शंभर रुपये बचत ठरली तेव्हा तिघी जणी म्हणाल्या होत्या, शंभर जमायचे नाहीत, पन्नास करा.

पुढं तेरा वर्षं मी अध्यक्ष राहिले. आता साधी सभासद आहे. आसपासच्या वस्त्यांवर नवे गट झालेत, त्यांच्या अध्यक्ष बाया घरी येतात, फोन करतात. ठराव कसा लिहायचा, फिरत्या निधीला कुठले कागद लागतात, हे सीआरपी ताई, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्या, नीट शिकवतात. पंचसूत्री तर प्रत्येकीला पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पण समोर बसलेली बाई पैसे मागतेय, तिला हो म्हणायचं की नाही, हे कसं ठरवायचं? आणि ठरवल्यावर उद्या तिच्याच विहिरीवर पाणी भरायला कसं जायचं? हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. मी जे शिकले ते चुकत चुकत शिकले, आणि शिकले ते एका वहीमुळं. म्हणून वहीपासून सुरुवात करते.

वही कशी लिहायची

गटाच्या वह्या वेगळ्या. इतिवृत्त, कॅश बुक, कर्ज खतावणी, पासबुकं. त्या गटाच्या मालकीच्या. मी सांगते ती वही तुमची स्वतःची, कुणाला न दाखवायची. साधी दोनशे पानी पुरते. माझी निळ्या पुठ्ठ्याची होती.

डाव्या पानावर तारीख घाला आणि त्या दिवशी काय ठरवलं ते लिहा. नाव लिहू नका, खूण करा, म्हणजे वही कुणाच्या हाती पडली तरी घोळ होणार नाही. त्याखाली तीन गोष्टी: मी हे का ठरवलं, मला कशाची भीती वाटतेय, आणि एका वर्षानं काय झालेलं असेल असं मला वाटतं. उजवं पान कोरं सोडा. वर्षानं त्याच तारखेच्या आसपास वही उघडा आणि खरं काय झालं ते उजवीकडं लिहा.

एवढंच. पण ते त्याच रात्री लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहिलं की आपण आपल्या सोयीची कारणं लिहितो. मी दोन्ही करून पाहिलं आहे. बैठकीच्या रात्री लिहिलेलं असतं, "तिच्या सासूचा मला राग आहे, म्हणून कमी दिले." सकाळी तेच "परतफेडीची खात्री नव्हती" असं होतं.

वही मी २००९ च्या पावसाळ्यात सुरू केली. पहिल्यांदा सगळी वाचली ती पुढच्या वर्षी श्रावणात. त्यात मला माझ्याबद्दल दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे बैठकीच्या आधी माझ्या घरी येऊन, ओट्यावर बसून, चहा घेऊन बोलून गेलेल्या बाईला मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. सात वेळा सात हो. ज्या आल्या नाहीत त्यांच्यातल्या निम्म्यांना कमी दिले होते किंवा थांबवलं होतं. येऊ न शकणाऱ्या त्या, ज्यांना घरातून सुटका नव्हती. म्हणजे ज्यांना गटाची जास्त गरज होती त्याच. दुसरं असं की रात्री नऊनंतर घाईत घेतलेले निर्णय जास्त बिघडले होते. मी स्वतःला न्यायी समजत होते, आणि इथं माझ्याच अक्षरात वेगळंच लिहिलेलं होतं.

त्या श्रावणानंतर मी ठरवलं की बैठकीआधी कर्ज मागणाऱ्या प्रत्येक बाईकडं मीच जायचं.

कर्ज मागणाऱ्या बाईच्या घरी जा

बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी जा. संध्याकाळी, धारा काढायच्या वेळेला. त्या वेळी बाई घरात असते आणि नवरा बहुतेक नसतो. समोर बसून विचारपूस केल्यासारखं करू नका, तिच्या हातातलं काम चालू दे, तुम्हीही काहीतरी निवडायला घ्या. मग विचारा.

पैसा कशाला पाहिजे, हे सगळेच विचारतात. त्याचं उत्तर पाठ असतं. मी विचारते, "पहिला हप्ता कुठल्या पैशातून देणार?" आणि थांबते. याचं उत्तर ऐकायला धीर लागतो. आमच्याकडं डेअरीचा पैसा दहा दिवसांनी येतो. खुरपणीची मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते. डाळिंबाचा पैसा वर्षातून एकदा, आणि तेल्या रोग आला तर तोही नाही. ज्या घरात ज्या वेळी पैसा येतो त्या वेळी हप्ता, हे ऐकायला सोपं आहे, पण आम्ही पहिली दोन वर्षं सगळ्यांना एकाच मापात बसवत होतो. दहा हजार, दहा महिने, महिन्याला हजार आणि व्याज.

शेळीचं सांगते. २०१० साली आम्ही पाच जणींना शेळ्यांसाठी कर्ज दिलं. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून शेळ्या आणल्या, हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या महिन्यापासून हप्ते सुरू. चौथ्या महिन्यात दोघींनी हप्ता चुकवला, सहाव्यात एकीनं शेळी विकली. मी चिडले, बैठकीत बोलले, दंड लावला. वर्षानं उजवं पान लिहिताना हिशोब मांडला तेव्हा कळलं की चूक त्यांची नव्हती. शेळी पाच महिने गाभण राहते. करडू विकायला सहा-आठ महिन्यांचं व्हावं लागतं. म्हणजे रिकामी शेळी आणली तर तिच्यातून पहिला पैसा यायला वर्ष लागतं. आम्ही हप्ता लावला पहिल्या महिन्यापासून. मजुरीतून फेडा, असा त्याचा अर्थ होता, पण तो आम्ही कुणी उच्चारलाच नव्हता. ज्या बाईनं शेळी विकली तिच्याकडं मजुरीचं दुसरं माणूस नव्हतं.

तेव्हापासून शेळीसाठी दोन अटी केल्या. शेळी गाभण घ्यायची, थोडी महाग पडली तरी चालेल. आणि पहिले आठ महिने फक्त व्याज, मुद्दल नंतर. दंडाचे पैसे आम्ही त्या तिघींना परत केले. इतिवृत्तात तसा ठराव आहे.

दुसरा प्रश्न असा: "घरात अजून कुणाकुणाचे हप्ते चालू आहेत?" हा प्रश्न बैठकीत चुकूनही विचारू नका. चौघीत विचारलं की बाई खोटं सांगते, आणि तिनं खोटं सांगावं अशी वेळ आपणच आणलेली असते. गोठ्यात विचारलं की सांगते. फायनान्स कंपनीचा आठवड्याचा हप्ता, सावकार, दुकानची उधारी, नवऱ्यानं गाडीवर काढलेलं. सगळं जमवा आणि महिन्याच्या मिळकतीशी ताडून बघा. अशा फायनान्सना, म्हणजे सूक्ष्म वित्त कंपन्यांना, रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून मर्यादा घातली आहे की घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. आमच्याकडं निम्मंही फार झालं. पावसाच्या भरवशावरच्या घरात मी तिसरा हिस्सा धरते. त्यावर गेलं की नवीन कर्ज त्या बाईला वर काढत नाही, आणखी खाली ढकलतं.

तिसरी गोष्ट प्रश्न नाही, हिशोब आहे. तो तिच्यासमोर बोटांवर करून दाखवा. शेकडा दोननं दहा हजार घेतले आणि महिन्याला हजार मुद्दल फेडली, तर पहिल्या महिन्याला व्याज २०० रुपये, दुसऱ्याला १८०, असं उतरत दहा महिन्यांत एकूण ११०० होतं. तेच कुणी "सरसकट दोन टक्के" म्हणून दर महिन्याला २०० घेतलं, तर २००० होतात. आकडा तोच, नऊशे रुपयांचा फरक. हे एकदा समजलेली बाई मग बाहेर कुठंही कर्ज काढताना विचारते, "उतरतं का सरसकट?" मला यासारखा आनंद दुसऱ्या कशात झाला नाही.

नाही म्हणायची वेळ

पहिल्यांदा मी नाही म्हटलं ते खोटं बोलून. गटाला बँकेकडून कर्ज मिळालं होतं, त्यातले एका मावशींना हवे होते. आधीचं थकलेलं होतं, द्यायचं नव्हतं. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. "मावशी, बँक तुमच्या नावाला मंजुरी देईना," असं म्हणून मी मोकळी झाले. मावशी तालुक्याला गेल्या, बँकेत काउंटरवर विचारलं. तिथल्या बाईनं सांगितलं, कर्ज गटाला दिलंय, कुणाला द्यायचं ते तुमचा गट ठरवतो. मावशी परत आल्या आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. तीन महिने बैठकीला पण आल्या नाहीत. बचतीचे शंभर नातवाच्या हातून पाठवायच्या.

म्हणून नाही म्हणायचं तर स्वतःच्या तोंडानं म्हणा. बँकेच्या, सीआरपीच्या, "सगळ्यांचं मत पडलं" याच्या आड उभ्या राहू नका. कारण सांगा, एकच सांगा, खरं सांगा. आणि नकाराला तारीख द्या. "मागचे दोन हप्ते भरले की आषाढात पुन्हा मांडू," असं म्हटलं की ते दार बंद होत नाही. पूर्ण रक्कम देता येत नसेल तर किती देता येते ते आपणहून सांगा. वीस हजार मागणाऱ्या बाईला आठ दिले आणि आठाचं काम नेमकं कुठलं ते तिच्यासोबत बसून ठरवलं, तर ते आठ पुरतात. नुसतं कापून आठ दिले तर उरलेले बारा ती फायनान्सकडून घेते, आणि आपले आठही अडकतात.

आता ज्याबद्दल लिहायला मला अजून जड जातं ते लिहिते.

२०१४ च्या फाल्गुनात गटातल्या एका वहिनींनी तीस हजार मागितले. लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांची परतफेड चोख, गटाचीही तेवढी ऐपत झालेली. पण ती पोरगी माझ्या धाकट्याच्या वर्गात होती. दहावीला. सोळा पुरी नव्हती. मी बैठकीत सरळ सांगितलं, "पोरगी लहान आहे, या कामाला गट पैसे देणार नाही." कुणी काही बोललं नाही. सगळ्या खाली बघत होत्या. वहिनींनी पासबुक पदरात गुंडाळलं आणि उठून गेल्या. रात्री मी वहीत लिहिलं: "नकार दिला. योग्य केलं." भीतीच्या ओळीत लिहिलं: "वहिनी बोलायच्या बंद होतील."

वैशाखात लग्न झालं, मामाच्या गावी. पैसे फायनान्सनं दिले. वर्षानं उजव्या पानावर मी लिहिलं: "गटाचे तीस हजार राहिले. पोरीचं लग्न थांबलं नाही."

ती दोन पानं मी अनेकदा वाचली आहेत. मला भीती वाटली ती वहिनींच्या रागाची. पोरीचं काय होईल हे भीतीच्या ओळीत आलंच नव्हतं. मी गटाचा निर्णय घेतला आणि माझं काम संपलं असं धरलं. खरं तर काम तिथं सुरू होत होतं. मी त्यांच्या घरी गेले असते तर कळलं असतं, ते मला पुढं दुसऱ्यांकडून कळलं: दहावीनंतरची शाळा लांब होती, सकाळच्या गाडीचा भरवसा नव्हता, रस्ता ओसाड होता, आणि बाप म्हणत होता की वाटेत काही झालं तर कुणाला तोंड दाखवायचं. माझ्या हातात त्यावर उपाय होता. वाडीवरच्या तीन पोरी त्याच रस्त्यानं जाणार होत्या. तीन सायकली गटाच्या कर्जातून झाल्या असत्या.

आणि कायद्याचंही मी विचारलं नव्हतं. मुलीचं वय १८ पूर्ण, मुलाचं २१. गावात ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीला. १०९८ या नंबरवर फुकट फोन लागतो, रात्रीसुद्धा. हे सगळं मी नंतर शोधलं. विचारलं असतं तर एका दिवसात कळलं असतं.

तुम्हाला माझं सांगणं असं आहे: लग्नासाठी कर्जाचा अर्ज आला की आधी मुलीचा शाळेचा दाखला बघा. वय कमी असेल तर बैठकीत विषय काढायच्या आधी घरी जा. आईशी बोला, आजीशी बोला, पोरीशी एकटीशी बोला. लग्न कशाला घाई करून करताय याच्या तळाशी बहुतेक वेळा एखादी छोटी, पैशानं सुटणारी अडचण असते. ती सोडवा. नाही सुटली, तारीख धरली, तर ग्रामसेवकाला सांगा, मग कुणी बोललं नाही तरी चालेल. २०१७ साली असाच एक अर्ज आला होता. त्या वेळी आम्ही चार हजार रुपये सायकलीला दिले आणि ती पोरगी बारावी झाली. त्या आधीच्या वहिनी मात्र गटात परत आल्या नाहीत.

बैठकीत तुम्ही शेवटी बोला

अध्यक्ष आधी बोलली की बैठक तिथंच संपते. बाकीच्या "आक्का म्हणतील तसं" म्हणतात आणि घरी जाऊन जावेपाशी खरं बोलतात. मी हे फार उशिरा ओळखलं. पुढं मी क्रम उलटा केला: सगळ्यात कमी बोलणारी जी असेल तिला आधी विचारायचं, माझं शेवटी. आमच्यात एक आत्या आहेत, अंगठा लावणाऱ्या. त्यांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा पदर तोंडाला लावून गप्प बसल्या. आम्ही पण गप्प बसलो. खूप वेळानं म्हणाल्या, "तिला पैसं देऊ नका, तिच्या नवऱ्याला द्याल तुमी." सगळ्यांना माहीत होतं, बोललं कुणी नव्हतं. मग आम्ही रोख न देता थेट खताच्या दुकानात पावती करून दिली.

बैठक फिरती ठेवा, दर महिन्याला वेगळ्या घरी. माझ्या घरी असली की मी मालकीण होते आणि त्या पाहुण्या. गोल बसा, कुणाची पाठ कुणाला नको.

जिथं तोंडावर मत देणं अवघड, जावा-जावांचा प्रश्न असेल, थकबाकीचा असेल, तिथं आम्ही तांब्या फिरवतो. प्रत्येकीच्या हातात एक चिंचोका आणि एक खडा. हो असेल तर चिंचोका, नाही असेल तर खडा, पदराखालून तांब्यात टाकायचा. उरलेला दुसऱ्या तांब्यात, म्हणजे कुणाच्या मुठीत काय राहिलं तेही कळत नाही. मग ताटात ओतून सगळ्यांसमोर मोजायचं. सात-सात झाले तर विषय पुढच्या महिन्यावर. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं मत आणि माझं मत त्या ताटात सारखंच दिसतं.

पैशाचं थोडक्यात

रोख दोघींनी मोजायची, मोठ्यानं. चुकलेला आकडा गिरवायचा नाही, एक रेघ मारून वर नवा लिहायचा आणि सही करायची. बैठक उठायच्या आधी प्रत्येकीची बचत, कर्ज, बाकी वाचून दाखवायची, कितीही उशीर झाला तरी. ज्यांना अंगठेबहाद्दर म्हणतात त्यांच्या डोक्यात आपला आकडा पक्का असतो. याच आत्यांनी एकदा माझी दोनशे रुपयांची चूक पकडली, नुसत्या ऐकण्यावर. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं, पासबुक तिसरीकडं. आणि जमलेली रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आमच्या पेटीत एकही नव्हती, ती याच शिस्तीमुळं. त्या वेळी इतर बायांच्या डब्यांतून, डाळीखालून निघालेल्या नोटा बघून रडू आलं होतं. नवऱ्यापासून लपवून साठवलेल्या होत्या, आता त्याच्याच हातात द्यायच्या.

सगळ्यांना एकच निर्णय लावताना थांबा

लॉकडाऊन लागला तेव्हा बैठका बंद झाल्या. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की कर्जाचे हप्ते तीन महिने पुढं ढकलता येतील. मी टीव्हीवर बघितलं आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना फोन लावले: "तीन महिने हप्ता नाही, काळजी करू नका." मला वाटलं मी मोठं चांगलं काम केलं. पुढं मुदत ऑगस्टपर्यंत वाढली, मी परत फोन केले.

हप्ता पुढं गेला होता. व्याज चालूच होतं. बँकेकडून आकडा आला तेव्हा मी तो हातात घेऊन बसून राहिले. बैठक सुरू झाल्यावर आत्याच म्हणाल्या, "माझं दूध तर जात हुतं की. भाव पडला, पण जात हुतं. मला भरता आलं असतं. मला का नाय इचारलं?" खरं होतं. ज्यांची मजुरी बंद होती, ज्यांचा माल शेतात सडत होता, त्यांना ती सवलत लागत होतीच. पण चौदा घरांत किमान पाच घरं अशी होती ज्यांनी थोडं थोडं भरत राहिलं असतं तर व्याज वाढलं नसतं. मी तेरा फोन करून एकच वाक्य तेरा वेळा बोलले होते. त्याऐवजी प्रत्येकीला "घरात काय येतंय?" एवढं विचारायचं होतं.

मी बैठकीत माफी मागितली. नुसती तोंडानं नव्हे, इतिवृत्तात लिहून घेतली, की व्याजाची माहिती न देता अध्यक्षांनी सल्ला दिला. त्या पाच जणींचं जास्तीचं व्याज गटाच्या दंडाच्या पैशातून भरायचं ठरलं. मला वाटत होतं, माफी लिहून दिल्यावर कुणी आपलं ऐकायचं नाही. उलट पुढच्या महिन्यात दोघी जणी आपल्या लपवलेल्या थकबाकीबद्दल आपणहून बोलल्या.

असंच एक विम्याचं. २०१५ साली बँकेत मला कुणीतरी सांगितलं होतं की वर्षाला बारा रुपयांत अपघाताचा दोन लाखांचा विमा होतो. मी स्वतःचा आणि मालकांचा काढला. बैठकीत सांगितलं नाही, कारण तो गटाचा विषय नाही असं वाटलं. २०१९ साली आमच्यातल्या एकीचा नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. तिच्याकडं विमा नव्हता. बारा रुपये. आता तो हप्ता २० रुपये आहे आणि कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर मिळणाऱ्या दुसऱ्या विम्याचा ४३६. दोन्ही मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापले जातात. पहिला वयाच्या ७० पर्यंत, दुसरा ५० च्या आत सुरू करावा लागतो. मेच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा, तुझ्या आणि मालकांच्या खात्यात तेवढी शिल्लक आहे का. मी अजून दर वर्षी विचारते, अध्यक्ष नसताना पण.

तुम्ही नसताना गट कसा चालतो ते बघा

२०१२ मध्ये लेकीच्या बाळंतपणाला मी दोन महिने पुण्याला होते. परत आले तर दोन्ही बैठका झाल्याच नव्हत्या. पेटीची किल्ली माझ्याकडं, कॅश बुक माझ्याकडं, बँकेत सहीला मी. सगळ्या म्हणाल्या, "आक्का, तुमच्याबिगर गटाला मजा नाही." मला ते ऐकून बरं वाटलं होतं, आणि वहीत मी तसंच लिहिलंही आहे. उजवं पान लिहिताना मात्र कळलं की त्या दोन महिन्यांत एका बाईला दवाखान्यासाठी तीन हजार लागले होते आणि तिनं ते सावकाराकडून शेकडा पाचनं आणले, गटात पैसे पडून असताना.

म्हणून वर्षातून दोनदा मुद्दाम बैठकीला जाऊ नका. घरी बसा, फोन उचलू नका. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त वाचा. जे अडलं तेवढं शिकवा, बाकी बोट लावू नका. तुम्ही घेतला असता त्याहून वेगळा निर्णय झाला असेल तर तो तसाच राहू द्या. आणि तीन वर्षांनी पद सोडा. मी तेरा वर्षं धरून ठेवलं, ते फार झालं. त्या काळात अध्यक्ष होऊ शकल्या असत्या अशा दोघी-तिघी माझ्यामागं बसून राहिल्या.

२०२१ मध्ये आमच्यातली सगळ्यात धाकटी सूनबाई अध्यक्ष झाली. बारावी झालेली, मोबाईलवर हिशोब करते. पहिल्या बैठकीत प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं बघायची. मी जागा बदलून दारापाशी, तिच्या नजरेला येणार नाही अशी बसायला लागले. वही तिनं मागितली होती वाचायला. दिली नाही, त्यात दुसऱ्या बायांचं फार आहे. पुढच्या रविवारी बाजारातून एक कोरी आणून दिली, दोनशे पानी. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "आक्का, मागच्या वर्षीचं पान उघडलं. मी सगळ्यात जास्त तुम्हालाच घाबरत होते."